ऑगस्टमध्ये वाळलेलं झुडूप मेलेलं नसतं

वाचकाचं पत्र

मावशी, लग्नानंतर सहा वर्षं आम्ही अथेन्समध्ये होतो. गेल्या वर्षी नवऱ्याच्या गावी, क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला आलो. घरामागे उतारावर अर्धा एकर जमीन आहे, सगळी चुनखडीची आणि दगडगोट्यांची. विहीर नाही, पाणी टाकीचं. पहिल्याच वसंतात हौसेने गुलाब, हायड्रेंजिया आणि हिरवळ लावली. जुलैअखेर सगळं करपून गेलं. कुंपणापलीकडचा डोंगर मात्र थेंबभर पाणी न मिळता जिवंत आहे! तेव्हा ठरवलं की आता रानातलीच झाडं लावायची. पण मला ती ओळखताच येत नाहीत. मोबाइलवरचं ॲप एकाच झुडपाला तीन नावं देतं. त्यात ऑगस्टमध्ये मी खालच्या बाजूची वाळकी झुडपं कापून टाकली, तर आजेसासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "ती झोपली होती." कुठली झाडं ओळखायला शिकू, कशी शिकू, आणि डोंगरावरून उपटून आणून लावली तर चालतील का?
– क्रीटची सून

मावशीचं उत्तर

प्रिय सूनबाई,

आजेसासूबाईंचं ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या तीन शब्दांत आहे, आणि हे मी त्यांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही.

आपण मराठी माणसं मनात एक पंचांग घेऊन फिरतो. वैशाखात माती तापते, मृगात पाऊस येतो, ऊब आणि ओल एकत्र मिळाली की सगळं उगवतं. तू जिथे आहेस तिथे हे पंचांग उलटं आहे. पाऊस थंडीबरोबर येतो, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, आणि ऊन येतं तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत असतं. जून, जुलै, ऑगस्ट हे तीन महिने तुझ्या किनाऱ्यावर पाऊस जवळपास पडतच नाही. त्यामुळे तिथल्या झाडांचा वाढीचा काळ हिवाळा आणि वसंत, आणि विश्रांतीचा काळ उन्हाळा. ऑगस्टमधलं वाळलेलं झुडूप म्हणजे थंड देशातलं जानेवारीतलं निष्पर्ण झाड. जानेवारीत त्याला कोणी मेलेलं म्हणत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. ग्रीसमध्येच, दक्षिणेकडच्या पेलोपोनीजमध्ये मी काही वर्षं काढली. पहिल्या उन्हाळ्यात दारापाशी रानटी सेजचं एक झुडूप होतं, पानं चुरगळलेली, रंग उडालेला. मला दया आली. रोज संध्याकाळी मी त्याला दोन तांबे पाणी घालू लागले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते आठ दिवसांत बुंध्यापासून काळं पडलं आणि गेलं. चार पावलांवर, भिंतीच्या खबदाडात, त्याच जातीचं दुसरं झुडूप होतं. त्याच्याकडे मी पाहिलंही नव्हतं. ते ऑक्टोबरच्या पहिल्या पावसानंतर पालवलं. मुळं झोपलेली असताना गरम माती सतत ओली राहिली की मूळकुजीचे फायटॉप्थोरासारखे रोग झपाट्याने वाढतात. कोरड्या मातीत त्यांना जोर धरता येत नाही. म्हणजे माझ्या सेजला तहानेने नाही, माझ्या पाण्याने मारलं. अजूनही ती काळी पडलेली फांदी डोळ्यांसमोर येते.

म्हणून ओळख करून घ्यायची तर झाड वर्षभर पाहायचं, एका फोटोवर थांबायचं नाही. तुझ्या ॲपच्या तीन नावांचं कोडंही इथेच सुटतं. त्या डोंगरावरची बरीच झुडपं वर्षातून दोनदा पानं बदलतात. फ्लोमिस घे, काटेरी बर्नेट घे, सिस्टस घे: हिवाळ्यात पानं मोठी, मऊ, हिरवी; मे महिना आला की ती गळतात आणि त्यांच्या जागी बारकी, जाड, राखाडी पानं येतात. पृष्ठभाग कमी, म्हणून बाष्प कमी. झाड एकच, पण जानेवारीचा फोटो आणि ऑगस्टचा फोटो शेजारी ठेवले तर मलाही क्षणभर दोन झाडं वाटतील. बिचाऱ्या ॲपने काय करावं?

दुसरं कारण नावांचंच. वनस्पतिशास्त्रज्ञ नातीगोती नव्याने तपासतात आणि नावं बदलतात. तुझ्या उतारावर जून-जुलैत जांभळट गुलाबी फुलणारं, ओव्याच्या वासाचं जे रानटी थाइम आहे, त्याला जुन्या पुस्तकांत थायमस कॅपिटॅटस म्हणतात, मग कोरिडोथायमस कॅपिटॅटस झालं, आता थिम्ब्रा कॅपिटाटा. तिन्ही नावं एकाच झुडपाची. तेव्हा ॲपने तीन नावं दिली तर आधी बघ की नावाचा दुसरा शब्द तोच आहे का (त्याचा शेवट थोडा बदललेला चालेल). तोच असेल तर बहुधा ते एकाच झाडाचं जुनं-नवं नाव आहे. दुसरा शब्द वेगळा असेल तर मात्र खरा गोंधळ आहे, आणि तो झाडापाशी जाऊनच मिटेल.

एक भिंग घे, दहापट मोठं दाखवणारं, गळ्यात दोरीने अडकवता येईल असं. आणि पान उलटून बघायची सवय लाव. कोरड्यात टिकण्याची झाडाची बरीच तजवीज पानाच्या खालच्या अंगाला असते. फ्लोमिसच्या पानाखाली भिंगातून पाहिलंस तर पांढऱ्या लवेचं इतकं दाट जाळं दिसेल की पानाचा पृष्ठभागच दिसणार नाही. ती लव ऊन परतवते आणि पानाजवळची ओलसर हवा धरून ठेवते. रोझमेरीच्या पानाच्या कडा खाली वळलेल्या असतात, मध्ये एक पांढरी चीर राहते, पर्णरंध्रं, म्हणजे पानाची बाष्प सोडणारी छिद्रं, त्या चिरेत लपलेली. कण्हेरीच्या पानाखाली बारीक ठिपके दिसतात, ते लवेने भरलेले खळगे आहेत आणि पर्णरंध्रं त्यांच्या तळाशी बसलेली आहेत.

हो, आपली कण्हेर. ती तिथली रानचीच आहे. मात्र ती डोंगराच्या उतारावर सहसा दिसणार नाही, कोरड्या ओढ्यांच्या पात्रात दिसेल. वर धोंडे तापलेले आणि मधोमध गुलाबी फुलांची रांग. जिथे ती आपली आपण उगवली आहे तिथे खाली ओल आहे असं समज. ती दुष्काळ सोसते हे खरं, पण तिची मुळं पाण्यापर्यंत पोचलेली असतात. "पाणी न घालता जगतं" आणि "पाण्याशिवाय जगतं" यांतला हा फरक रान ओळखताना कायम लक्षात ठेव. झाड कुठे उगवलंय ते त्याच्या पानांइतकंच महत्त्वाचं. तुझ्या उतारावरच्या दगडातलं झाड निवड, ओढ्यातलं नको.

आता कुळं. आपल्याला घरबसल्या काही कुळांची ओळख असतेच, ती तिथे कामाला येते. तुळस आठव: खोड चौकोनी, पानं समोरासमोर, पुढची जोडी काटकोनात, फुलांचे वळसे, चुरगळलं की वास. डोंगरावर चौकोनी खोडाचं, समोरासमोर पानांचं, वासाचं झुडूप दिसलं की ते बहुधा तुळशीच्या कुळातलं. थाइम, सेज, फ्लोमिस, रोझमेरी, ओरेगॅनो सगळी तीच भावंडं, आणि कोरड्या बागेचा कणा हीच. त्यांतलं ग्रीक सेज ओळखायला सोपं आहे: पानाच्या बुडाशी दोन छोटे कान फुटलेले असतात, एका देठावर एक मोठं पान आणि दोन पिटुकली. कधी त्याच्या फांदीवर गोल, लवदार, बोराएवढी गाठ दिसेल. ते फळ नाही, एका बारीक गांधीलमाशीमुळे झालेली गाठ आहे. क्रीटमध्ये ती कोवळी असताना खातात. आजेसासूबाईंना विचार, लहानपणी खाल्ली असेल तर चेहऱ्यावरूनच कळेल.

फ्लोमिसच्या तुझ्याकडे एकाहून जास्त जाती आहेत. पिवळी, फण्यासारखी वाकलेली फुलं खोडाभोवती मजल्यामजल्याने लागतात. पानं लहान, गोलसर आणि लोकरी असतील तर तो फ्लोमिस लनाटा, जो नैसर्गिकपणे फक्त क्रीटमध्येच होतो. तुझ्या बागेतलं पहिलं झाड निवडायचं झालं तर मी तेच सुचवीन. वाटाण्याच्या कुळातलं असंच खास क्रीटचं झुडूप म्हणजे एबेनस क्रेटिका: रेशमी रुपेरी पानं, आणि एप्रिलपासून गुलाबी फुलांचे जाड तुरे. कड्यांवर, रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या जागी ते लोंबताना दिसेल.

सिस्टसवर जरा थांबते, कारण ते एक झुडूप नीट ओळखलंस की बाकीच्यांना कसं पाहायचं ते कळेल. एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या आत जा. पाच पाकळ्या, पेटीतून आत्ताच काढलेल्या इस्त्री नसलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. दुपारनंतर गेलीस तर पाकळ्या जमिनीवर पडलेल्या असतील, एका फुलाचं आयुष्य तेवढंच. उद्या नवी फुलं. आता पान बघ. कडा लाटांसारख्या वरखाली असतील, पान बोटाला चिकटेल आणि फूल जांभळट गुलाबी असेल तर ते सिस्टस क्रेटिकस. फूल पांढरं, पान सेजसारखं खरखरीत, चिकटपणा नाही, तर ते सिस्टस साल्व्हिफोलियस. जूनमध्ये भर उन्हात परत जा. क्रेटिकसचं झुडूप दहा पावलांवरून धुपासारखा वास सोडत असतं. तो चीक म्हणजे लादानम. 1700 साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जोझेफ पितों द तूर्नफोर क्रीटला गेला होता, त्याने लोक हा चीक कसा गोळा करतात ते लिहून ठेवलं आहे: लांब दांडीला चामड्याच्या पट्ट्या बांधायच्या आणि उन्हाच्या काहिलीत झुडपांवरून ओढायच्या. उत्तर किनाऱ्यावरच्या सिसेस गावात अजून हे काम चालतं. झाड उन्हापासून स्वतःला जपायला जो चीक बनवतं, तो भर दुपारीच गोळा करावा लागतो. सप्टेंबरमध्ये पाच भागांत उकललेलं तपकिरी बोंड हाती लागेल, आत मोहरीहून बारीक बिया. ते जपून ठेव, पुढे कामाला येईल.

असं एक झाड चार वेळा पाहा. दहा झाडं चार वेळा पाहिलीस की वर्षभराने तो डोंगर तुला माहेरच्या गल्लीसारखा ओळखीचा होईल.

काही जोड्या फसव्या आहेत. संयुक्त पानांची, म्हणजे एका दांड्यावर अनेक छोट्या पर्णिका असलेली, तीन झाडं तुझ्या बेटावर जवळजवळ दिसतात. पर्णिकांची संख्या सम, म्हणजे टोकाला एकटी पर्णिका नाही, आणि मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी हिरवी चिंचोळी पट्टी: हे लेंटिस्क, स्थानिक नाव स्किनोस. पान चुरगळलं की राळेचा वास, आणि कुळ आपल्या आंब्याचं. त्याचाच भाऊ टेरेबिंथ, त्याच्या पानाला टोकाशी एकटी पर्णिका असते आणि तो हिवाळ्यात पानं टाकतो, बाकीचे दोघे सदाहरित. तिसरा कॅरब, तिकडे खारुपिया. पर्णिका सम, पण गोल, चामड्यासारख्या, टोकाला किंचित खाच. शरद ऋतूत त्याची फुलं थेट जुन्या खोडातून फुटतात, आपल्या फणसासारखी, आणि ते पाहिलंस की पुन्हा कधी चुकणार नाहीस. लेंटिस्क आणि कॅरब दोन्ही तुझ्या जमिनीला उत्तम. कॅरबला मात्र जागा सोड, तो मोठा वृक्ष होतो.

चिकाच्या झुडपांकडे वळते, कारण तू कापलेल्यांत ती असणार अशी मला दाट शंका आहे. युफोर्बिया डेंड्रॉइडिस हा छत्रीसारखा गोल झुडपाचा घुमट, माणसाइतका उंच होतो. फेब्रुवारीत पिवळाजर्द, मेमध्ये पानं लालभडक होतात आणि गळतात. मग पावसापर्यंत नुसता काटक्यांचा सांगाडा. तुझ्या पत्रातलं "खालच्या बाजूची वाळकी झुडपं" वाचताना मला तोच दिसला. यापुढे कोणतीही वाळकी फांदी कापण्याआधी नखाने साल जराशी खरवड. खाली हिरवं दिसलं, किंवा पांढरा चीक आला, तर झाड जिवंत आहे. चीक मात्र डोळ्याला लागू देऊ नकोस, वाईट भाजतं. हातमोजे घाल आणि मुलांना लांब ठेव.

आता कापलेल्यांचं काय, हे तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे. बरीचशी परत येतील. या डोंगरांनी हजारो वर्षं वणवे आणि शेळ्या सोसल्या आहेत. लेंटिस्क, कॅरब, काटेरी बर्नेट बुडापासून नव्याने फुटतात. ॲस्फोडेल आणि समुद्रकांदा यांचा जीव जमिनीखाली असतो, त्यांना कापल्याचा पत्ताही लागत नाही. सिस्टस जुन्या लाकडातून सहसा फुटत नाही, पण त्याच्या कठीण सालीच्या बिया मातीत वर्षानुवर्षं पडून असतात आणि जागा मोकळी झाली की उगवतात. युफोर्बिया बुंध्यापासून कापला असशील तर तो तेवढा गेला असं धर, पण त्याची फळं उन्हात तडकून बिया लांब उडवतात आणि मुंग्या त्या आणखी पुढे नेतात. नोव्हेंबरमध्ये त्या जागी वाकून बघ. खुरपं घेऊन जाऊ नकोस, नुसती बघ.

समुद्रकांद्याचं नाव निघालंच आहे. ड्रिमिया मॅरिटिमा, जुन्या पुस्तकांत अर्जिनिया. आपल्या कोळकांद्याचा सख्खा नातेवाईक. ऑगस्टअखेर, सगळं जळल्यासारखं दिसत असताना, जमिनीतून एकही पान नसलेला पुरुषभर उंचीचा दांडा वर येतो आणि पांढऱ्या फुलांनी भरतो. पानं येतात पावसानंतर, फुलं संपल्यावर. म्हणजे वसंतात तुला नुसती रुंद हिरवी पानं दिसतील आणि उन्हाळ्याच्या शेवटी नुसतं फूल, आणि तू दोन्हींना वेगळी झाडं समजशील. जागेवर एक रंगवलेला दगड ठेव. क्रीटमध्ये नव्या वर्षाला हा कांदा दारावर टांगतात, कारण मातीशिवायही तो कोंब काढत राहतो. पण विषारी आहे हं, हृदयावर परिणाम करणारं विष, आणि रस अंगाला लागला तर खाज सुटते.

विषाचं निघालं म्हणून आजेसासूबाईंच्या नावांबद्दल एक सावधगिरी. त्यांच्याकडून प्रत्येक झुडपाचं गावातलं नाव विचारून घे, ते कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं आहे. पण ते नाव त्यांच्या गावापुरतंच खरं समज. क्रीटमध्ये "स्फाका" म्हणजे कण्हेर, पानापासून मुळापर्यंत विषारी. तिकडे मुख्य भूमीवर "आस्फाका" म्हणजे फ्लोमिस. अथेन्सच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलेलं नाव आणि घरातलं नाव यांत एका अक्षराचा फरक आणि झाडांत केवढा! म्हणून वहीत तीन रकाने कर: आजींचं नाव, शास्त्रीय नाव, आणि झाड नेमकं कुठे उभं आहे ती जागा. आणि ओळख पक्की होईपर्यंत कशाचाही काढा करायचा नाही की भाजी करायची नाही. गाजराच्या पाल्यासारखी पानं असलेलं, गुळगुळीत खोडावर जांभळे ठिपके असलेलं झाड दिसलं तर हातही लावू नकोस, तो हेमलॉक आहे.

डोंगरावरून उपटून आणू का, या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. कायदा एक कारण: ग्रीसमध्ये 1981च्या अध्यादेशाने कितीतरी रानवनस्पतींना संरक्षण दिलं आहे, ऑर्किड आणि सायक्लेमेनवर त्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती झाडं जगणार नाहीत. दगडाच्या फटीत गजभर खाली गेलेलं मूळ कुदळीने निघत नाही, तुटतं. रानटी ऑर्किडचा जीव तर त्याच्या मुळांशी असलेल्या बुरशीशी बांधलेला असतो. क्रीटचं दिक्तामो, ज्याची गोल लोकरी पानं चहात घालतात, ते कड्यांवरून खुडून खुडून इतकं दुर्मिळ झालं की आता त्याची शेती करतात. ते हवं असेल तर लागवडीचं रोपच घे.

तुझ्याकडे याहून चांगला रस्ता आहे. कुंपणाच्या आत, तुझ्याच जमिनीवर, जे उगवलं आहे त्याच्या बिया आणि छाटकलमं घे. सेज, फ्लोमिस, सिस्टस यांच्या बोटभर कोवळ्या-निबर फांद्या शरद ऋतूत वाळूमिश्रित मातीत खोचल्या की मुळं धरतात. सिस्टसच्या ज्या बिया सांभाळायला सांगितल्या, त्यांवर कढत पाणी ओतून रात्रभर ठेव, मग पेर. वणव्याची उष्णता लागली की त्यांतल्या कितीतरी जास्त जाग्या होतात, आणि कढत पाणी त्या उष्णतेचं काम करतं. जे तुझ्या जमिनीवर नाही त्यासाठी खानियाच्या भूमध्यसागरी कृषी संस्थेला लिही. स्थानिक वनस्पतींची बीजपेढी तिथे आहे, योग्य रोपं कुठे मिळतील ते त्यांना ठाऊक असेल.

रोपवाटिकेत गेलीस तर "पाणी लागत नाही" या पाटीवर भाळू नकोस. तुझ्यासारखं हवामान जगात आणखी चार ठिकाणी आहे: कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतला केप प्रांत आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य व दक्षिण भाग. तिथली झाडं तुझ्याकडे सुखाने जगतात, आणि नेमकी तिथेच अडचण आहे. हिवाळ्यात ऑलिव्हच्या बागांत पिवळा गालिचा पसरतो तो ऑक्झॅलिस आफ्रिकेच्या टोकाहून आला, आता निघता निघत नाही. किनाऱ्यावर चटया पसरणारा कार्पोब्रोटसही तिथलाच. फाउंटन ग्रास नावाचं देखणं गवत आणि एलँथस वृक्ष तर युरोपीय संघाच्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत, ते लावणं बेकायदा आहे. एलँथसची रोपं तुझ्या भिंतीच्या कडेला आपोआप आलेलीही असू शकतात. लांब संयुक्त पान, चुरगळलं की उग्र घाण वास. तेवढी मात्र बिनदिक्कत उपट, लहान असतानाच.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पहिल्या दोन पावसांनंतर. रोप जितकं लहान तितकं बरं, त्याचं मूळ हिवाळाभर खाली जात राहतं. प्रत्येक रोपाभोवती चांगलं मोठं आळं कर. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा वीस-तीस लिटर पाणी एकदम दे, आणि मधल्या काळात माती पूर्ण वाळू दे. रोजचं ठिबक नको, त्याने मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यापासून हात आखडता घे. खत अजिबात नको. बुंध्याशी पालापाचोळ्याऐवजी खडी पसर. ही सगळी वासाची, तेलकट झुडपं पेट घ्यायला सोपी असतात, तेव्हा घराच्या भिंतीला लागून ती दाटीने लावू नकोस, मधे दगडाची मोकळी पट्टी ठेव. आणि शेजाऱ्याच्या शेळ्या येत असतील तर आधी कुंपण, मग लागवड.

पत्रासोबत पाठवलेल्या चार फोटोंपैकी तीन मी सांगू शकते: पहिला काटेरी बर्नेट, दुसरा थाइम, तिसरा सिस्टस. चौथ्याचं नाव फोटोवरून सांगणं मला योग्य वाटत नाही. तो लेंटिस्क वाटतो, पण पानाचं टोक फोटोत कापलं गेलं आहे. पर्णिका मोजता येतील असा एक फोटो काढ, पान उलटून एक, आणि नोव्हेंबरमध्ये फळं लाल असतील की काळी ते कळव. जाताना आजेसासूबाईंना बरोबर ने. उतार चढवत नसेल तर कुंपणापाशी खुर्ची टाकून दे त्यांना आणि फांदी हातात आणून दाखव.

तुझी,
मावशी